कुत्रे रात्री का रडते?



आजचा विषय भाताचा नाही की आंब्याचा नाही. आपल्या खळ्यात राखण करणाऱ्या कुत्र्याचा आहे. रात्री कुत्रे हेल काढून रडू लागले की आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात, "कुत्रो रडता, कायतरी वायट होतला." मग कोणी दगड मारतो, कोणी त्याला लांब नेऊन सोडून येतो.

गेल्या पावसाळ्यात मालवण तालुक्यात एका शेतकऱ्याकडे भाताची पाहणी करायला गेलो होतो. त्यांचे कुत्रे तीन रात्री रडत होते आणि घरात म्हातारी आई आजारी. शेजारी सांगू लागले, "त्या कुत्र्याक आधी भायर काढा." मालकांना कुत्र्याचे तोंड बांधून धरायला सांगितले आणि मानेवरचे केस बाजूला केले. पाहतो तर काथ्याची दोरी कातड्यात रुतलेली, जखमेत किडे पडलेले! पशुवैद्यकीय दवाखान्यात जखम धुऊन औषधपाणी झाले, आणि रडणे थांबले. आजीबाईही पुढे बऱ्या झाल्या.

मग कुत्रे रडते तरी का? कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. लांडगे असाच हेल काढून लांबच्या सोबत्यांना हाक देतात. तीच सवय कुत्र्यात उतरली आहे. रानात कोल्हा ओरडला किंवा पलीकडच्या वाडीतले कुत्रे रडले की आपलेही साद देते. गणपतीच्या आरतीला शंख वाजला की ते सूर लावते, तेही यामुळेच. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाज त्याला ऐकू येतात. एकटे बांधून ठेवले, मालक गावाला गेला, भाद्रपदाच्या सुमारास जवळपासची कुत्री माजावर आली, तरी ते रडते. कान दुखणे, गोचीड, जखम, पोटदुखी हीही कारणे आहेत.

घरात कोणी अत्यवस्थ असले की रात्रभर दिवे जळतात, माणसांची ये-जा होते, कुत्रे बेचैन होऊन रडते. पुढे माणूस गेले की ते रडणे आपल्या लक्षात राहते. ज्या शंभर रात्री कुत्रे रडले आणि काही झाले नाही, त्या मात्र आपण विसरतो.

पण बंधूंनो, एका रडण्याला जरूर भ्यावे. कुत्र्याचा आवाज एकाएकी बदलून घोगरा, चिरका झाला, तोंडातून लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला, किंवा कारण नसता ते लाकूड-दगड चावू लागले, दिसेल त्याच्या अंगावर जाऊ लागले, तर पिसाळल्याचा, म्हणजे रेबीजचा संशय घ्यावा. त्याला हात लावू नये. मुलांना व गुरांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. काही पिसाळलेली कुत्री अंगावर न येता नुसती कोपऱ्यात पडून राहतात, हेही ध्यानात ठेवा.

गाय-म्हैस घोगरी हंबरत असेल व लाळ गाळत असेल, तर घशात काही अडकले असेल म्हणून तिच्या तोंडात हात घालू नका. तिलाही रेबीज झालेला असू शकतो.

कुत्रा चावला किंवा नुसते ओरबाडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, मिरची लावू नका. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठा. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता लस दंडावर देतात. डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नका. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. पण वेळेवर लस घेतली तर वाचतो. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, आणि तो वाचला.

म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारणपणे दरवर्षी, पुन्हा टोचून घ्या.

आज रात्री कुत्रे रडले तर दगड उचलू नका. कंदील किंवा बॅटरी घ्या, आधी जरा लांबूनच त्याच्याकडे नीट पाहा. त्याला काय होते आहे, ते त्याच्या अंगावरच दिसेल.