पोरांच्या अर्जात शेत दिसू द्या

(परभणी जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आम्ही एका कागदावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या नशिबी कागद काय कमी आहेत? सातबारा, आठ-अ, पीककर्जाचा फॉर्म, विम्याची पावती. पण हा कागद वेगळा. विद्यापीठात प्रवेश मागताना मला हेच का शिकायचे आणि तुमच्याकडेच का, हे पोराने किंवा पोरीने स्वतः लिहून द्यायचे असते. ते हे पत्र.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात पदवीला हे पत्र लागत नाही, तिथे गुणांवर यादी लागते. पण परदेशातल्या पुष्कळ विद्यापीठांत आणि आपल्याकडच्याही काही संस्थांत, शिष्यवृत्त्यांत ते मागतात. आपली पोरे आता तिथवर पोचू लागली आहेत. गुण असतात, हुशारी असते, आणि गाडी या एका पानावर अडते.

पोरे आम्हाला पत्रे दाखवायला आणतात. पहिले वाक्य बहुतेकांचे एकच : ‘मला लहानपणापासून शेतीची आवड आहे.’ भावांनो, शाळेला सुट्टी म्हटली की वेचणीला जुंपलेल्या पोराला शेतीची आवड असते काय? हे वाक्य कुठल्या तरी नमुन्यातून उचललेले. आता तर मोबाईलला सांगितले की आयते पत्र हातात. ते वाचणाऱ्यासमोर तशा पत्रांचा ढीग असतो. एकाच वाणाची सरकी सगळ्यांनी पेरली, तर कोणाचे झाड कोणते हे कसे कळणार?

दुसरा प्रकार रडगाण्याचा. दुष्काळ, कर्ज, गरिबी, आणि शेवटी हात जोडलेले. हे सगळे खरे असते. पण विद्यापीठ काही मदत वाटायला बसलेले नाही. परिस्थिती दोन वाक्यांत सांगावी आणि पुढे जावे. पडेल भावाने माल टाकून यायची आपली सवय पोरांच्या अर्जात उतरू देऊ नका.

एकशेचाळीस वर्षांपूर्वीचे पत्र

असे पत्र कसे लिहावे हे शिकायला परदेशी पुस्तक नको. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचे पत्र आपल्यासमोर आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तिथून डॉक्टर होण्याचा ध्यास लागला.

पहिले पत्र त्यांच्यासाठी नवऱ्याने, गोपाळरावांनी, १८७८ साली वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. उत्तर आले ते अटीसह : ख्रिस्ती व्हा, मग मदतीचे पाहू. तो पत्रव्यवहार तिकडे छापला गेला, कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी या मुलीला आपल्या घरी आधार दिला. ते पत्र वाया गेले नाही. पण प्रवेश मिळवला तो आनंदीबाईंनी स्वतः लिहिलेल्या पत्राने.

जून १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ते लिहिले. त्यात काय आहे? आपली तयारी काही बाबतींत तुमच्या नियमांना पुरी पडणार नाही, हे लपवलेले नाही. काय शिकले तेवढेच मोजून सांगितले आहे. आप्त आणि जात दोघांचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धारच मला पुढे नेईल, असे म्हटले आहे. आणि हेतू एकच : माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा त्यांची वाट पाहत होती; पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्य बावीस वर्षांचेही नाही. पत्र मात्र अजून शिकवते.

आपल्या पोरांनी काय लिहावे

पहिले, डोळ्यांनी पाहिलेला एक प्रश्न लिहा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा आज अर्ज करणारी पोरे घरातच होती. ‘आम्ही फरदड ठेवली नाही, शेजाऱ्याने ठेवली, अळी दोघांकडे आली, मग एकट्याच्या उपायाचा उपयोग किती?’ हा प्रश्न लिहिणारी पोरगी दहा जणांत उठून दिसेल. ज्वारीची पेरणी लांबली की खोडमाशी पोंगे का मारते, हाही तसाच प्रश्न.

दुसरे, त्या प्रश्नासाठी आपण काय केले ते लिहा. दोन ओळींतली झाडे मोजली, वहीत लिहून ठेवले, एवढेही पुरे. केले नसेल ते लिहू नये.

तिसरे, तुमच्याकडेच का. त्या विद्यापीठात या प्रश्नावर कोण काम करते, कोणता विषय शिकवतात, ते शोधून नावानिशी लिहावे. ‘जगप्रसिद्ध संस्था’ म्हणून चालत नाही. ते त्यांना ठाऊकच आहे.

चौथे, शिकून काय करणार. ‘देशाची सेवा’ असे मोघम नको; कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या कोणत्या कामाला हात घालणार ते सांगावे. आणि एखाद्या विषयात गुण कमी असतील, तर आनंदीबाईंसारखे सरळ सांगून मोकळे व्हावे.

हे सगळे एका पानात. शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळावी. आधी मराठीत लिहावे, घरी मोठ्याने वाचून दाखवावे, मग इंग्रजी करावे.

आता तुमचे काम. पोरगी पत्र वाचून दाखवेल तेव्हा ‘आम्हाला काय कळते’ म्हणून उठून जाऊ नका. पेरणी कधी झाली, अळी कधी दिसली, क्विंटल किती निघाले, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? चुकीचे असेल तिथे तिला थांबवा. मायबहिणींनो, वेचणीतले तुम्हाला कळते ते बापालाही कळत नाही. तेही तिला सांगा.

‘वडील शेती करतात’ एवढ्या तीन शब्दांत आपला जन्म संपवणारी पत्रे आम्ही फार वाचली. आपले शेत हीच या पोरांची पहिली प्रयोगशाळा आहे. ती अर्जात लिहायला त्यांना लाज वाटू नये, एवढे काम आपण घरोघरी करू या.