सणाचा उपवास आणि भगरीचा डबा

मंडळी, श्रावण लागला की आपल्या घरातल्या चुलीला विसावा नसतो. नागपंचमीची दिंडं, पोळ्याची पुरणपोळी, गौरीचा नैवेद्य, मग नवरात्र, दसरा आणि दिवाळी. सणाला गोड खाऊ नका, असे सांगायला मी आलेलो नाही. तसे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. वर्षभर राबणाऱ्या माणसाने सणाला पुरणपोळी खाल्ली तर तिच्यावर तूपही हवेच. मला बोलायचे आहे ते या सणांच्या मधून मधून येणाऱ्या उपवासाबद्दल. जेवणाच्या दिवशी आपण थोडे तरी जपतो. उपवासाचा दिवस मात्र निर्धोक, असे धरून चालतो.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली आहे. म्हणजे दुखणे कुठे आहे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी तळलेले वडे. आता हा साबुदाणा म्हणजे काय? एका कंदाचा नुसता पिठूळ सत्त्वांश. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसते. पोट भरते, जडही होते, पण अंगी लागणारे त्यात थोडेच. आणि गंमत पाहा, हा साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही पाचही मूळची अमेरिका खंडातली. सहाशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या उपवासाच्या ताटात यातले काहीएक नव्हते. तेव्हा ताट बदलले तर शास्त्र मोडेल, ही भीती कोणी बाळगू नये. राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडी, एखादे केळे, कपभर दूध एवढ्यावर दिवस उत्तम जातो.

खरी काळजी घ्यायची ती भगरीची. कोकणात हिलाच वरीचे तांदूळ म्हणतात. भगर मुळात चांगले धान्य आहे, पण ती हवेतली ओल चटकन ओढते. आपले बहुतेक उपवास येतात पावसाळी, दमट दिवसांत. ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीतून विष तयार होते. ते डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि भगर शिजवली म्हणजे ते गेले, असेही समजू नका. मग खाणाऱ्याला मळमळते, उलट्या होतात, गरगरते, हातपाय थरथरतात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सणांच्या तोंडावर याबद्दल वेळोवेळी सूचना काढल्या आहेत. त्यांचे सार असे, की भगर सुटी घेऊ नये; तारीख पाहून बंद पाकीट घ्यावे. तयार पीठ तर घेऊच नये, कारण पिठाला ओल आणखी लवकर लागते. लागेल तेवढेच घरी दळावे. आणि गेल्या महाशिवरात्रीची डब्याच्या तळाशी उरलेली मूठभर भगर नवरात्रात काढू नये. आपल्या बायाबापड्यांना अन्न टाकणे जिवावर येते, ते मला समजते. पण ही मूठ टाकावीच. खवट, काळवंडलेल्या, सुरकुतलेल्या शेंगदाण्यांचेही तसेच. त्यातली बुरशी कूट करून आमटीत उकळली तरी तिचे विष मरत नाही.

घरच्या पातेल्यात चूक झाली तर चार माणसे आजारी पडतात. सार्वजनिक कढईत झाली तर गाव पडते. 20 फेब्रुवारी 2024 रोजी, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा येथे सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेतलेली शेकडो माणसे आजारी पडली. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. मोठ्या स्वयंपाकात धान्याइतकाच वेळही घातक असतो, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात धरावे. दुपारी शिजवून झाकून ठेवलेली कढई रात्रीपर्यंत आतून कोमट राहते, आणि रोगजंतूंना कोमटच हवे असते. शिजले की दोन तासांत वाढून मोकळे व्हावे. कीर्तन लांबणार असेल तर चूल उशिरा पेटवावी.

आता एक गोष्ट पुरुष मंडळींसाठी. हरितालिकेला पुष्कळ घरी बायका पाणीसुद्धा घेत नाहीत. रात्री जागर, आणि दुसऱ्याच दिवशी गणपती! म्हणजे उपाशी पोटी पहाटेपासून मोदकांची उकड, आणि जेवायला बसायचे सगळ्यांच्या मागून. ही भक्ती आहे हे मान्य. पण घरात गरोदर बाई असेल, अंगावर पाजणारी असेल, किंवा कोणी मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेत असेल, तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. औषध घेऊन पोटात काही न घालणे म्हणजे रक्तातली साखर एकाएकी उतरवणे. माणूस चक्कर येऊन पडतो आणि आपण म्हणतो, उपास बाधला. अशा वेळी 'आज फळ खा' हा शब्द घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः उच्चारावा. सून आपण होऊन तो बोलणार नाही.

गुरुजनांना एक सुचवतो. नवरात्राच्या आधी एक दिवस प्रत्येक मुलाला घरून मूठभर शेंगदाणे आणायला सांगा आणि वर्गात निवडायला लावा. वाईट दाणा मुलांना एकदा ओळखता आला, की पुढे घरी आजीच्या सुपाशी तीच बसतील. पाकिटावरची तारीख वाचायलाही शिकवा. घरातल्या कितीतरी जणांना ती बारीक अक्षरे लागत नाहीत.

एवढे करूनही कोणाला उलट्या सुरू झाल्याच, तर अंगाऱ्यात वेळ घालवू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजत राहा, आणि आरोग्य केंद्र गाठा. हातपाय थरथरत असतील, माणूस गुंगीत असेल, तर तोंडाने काही पाजू नका. सरळ 108 क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जाताना भगरीचे रिकामे पाकीट आणि उरलेले थोडे अन्न झाकून बरोबर न्या. म्हणजे डॉक्टरांना कशावर उपचार करायचा ते लवकर कळेल, आणि त्याच मालाची बाकीची पाकिटे दुकानातून उचलता येतील.