जिवंत पेशीतली ऊर्जा

पेशीतली ऊर्जा मोजायची तर पूर्वी बहुतेकदा पेशी फोडावी लागे. हजारो पेशींची सरासरी मिळे. एकाच जिवंत पेशीतला क्षणाक्षणाचा बदल मात्र निसटे. २००९मध्ये जपानी संशोधकांनी ‘एटीम’ हा प्रथिन-संवेदक घडवला. ऊर्जावाहक एटीपी रेणू जोडला गेला, की संवेदकाचा आकार बदलतो आणि त्यातून निघणाऱ्या निळ्या-पिवळ्या प्रकाशाचं प्रमाण पालटतं. त्यातून दिसलं, की प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या हेला या मानवी पेशींमध्ये एटीपी बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या गाभ्यातच एटीपी बाहेरच्या पेशीद्रवापेक्षा कमी असतो. संवेदकच एटीपी अडकवून मोजमाप बिघडवत नसेल का? शंका रास्त आहे. पण एटीपी संवेदकापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. शिवाय एटीपी न पकडणारा संवेदक तुलनेला ठेवून आम्लतेसारख्या इतर घटकांचे मोजमापावरचे परिणामही ओळखता येतात. पेशीतली ऊर्जा क्षणाक्षणाला बदलते; म्हणूनच तिचा चयापचय समजण्यासाठी तो चालू असतानाच पाहायला हवा.