गाणारा गेल्यावर



२०२४ चा जानेवारी आम्हा संगीतशिक्षकांना फार जड गेला. ९ तारखेला कोलकात्यात उस्ताद रशीद खाँ गेले, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. १३ तारखेला पुण्यात प्रभाताई अत्रे गेल्या. त्या एक्याण्णव वर्षांच्या होत्या, तरी मुंबईतला कार्यक्रम ठरलेला होता. त्या आठवड्यात जो भेटेल तो म्हणे, "माणूस गेला, पण गाणं आहेच की रेकॉर्डवर." सांत्वनाचं बोलणं आहे, कळतं. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज सांगायचं आहे.

त्या दिवसांत माझ्या वर्गात कलावती चालू होता. या रागात रिषभ आणि मध्यम नाहीत. गंधारावरून थेट पंचमावर जायचं. एक विद्यार्थिनी प्रभाताईंची प्रसिद्ध तबकडी ऐकून, घोटून आली होती. हरकती हुबेहूब, आवाजाचा लगावही बराचसा तसाच. पण गंधार सोडताना मध्यमाचा पुसटसा कण लागायचा. तिला तो ऐकूच येत नव्हता. तबकडी तिला कितीही वेळा ऐकवली असती तरी तबकडीनं "थांब, पुन्हा घे" म्हटलं नसतं. मी तानपुरा नीट जुळवला, तिला गंधारावर बसवून ठेवलं, डोळे मिटायला लावले. बऱ्याच वेळानं पंचम स्वच्छ आला. गाणारा जातो तेव्हा हे थांबवणारं माणूस जातं. मैफल तबकडीत राहते, तालीम राहत नाही.

आता प्रभाताईंच्या मागे जाऊ. त्या शिकल्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे. ही दोघं अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी गेले. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना पसरून त्यांनी दरबारीत अल्लाची प्रार्थना गायली आणि तिथेच प्राण सोडला, असं सांगतात. मला त्या फलाटाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे की तो मुलूख कर्नाटक संगीताचा होता. त्या संगीताशी खाँसाहेबांनी जवळीक केली होती, आणि त्यांच्या ख्यालात सरगम आली त्यामागे त्याचाच संस्कार. पुढे प्रभाताईंनी सरगमीवरच डॉक्टरेट केली, आयुष्यभर ती गायली आणि शिकवली. खाँसाहेबांची सरगम नव्वद वर्षांनी आपल्या कानावर पडते, कारण मधे दोन पिढ्यांनी समोर बसवून शिकवलं.

म्हणून प्रभाताईंच्या जाण्याचं दुःख मोठं असलं तरी मला त्यात आधार सापडतो. त्यांनी शिष्य तयार केले, बंदिशी रचल्या, 'स्वरमयी'सारखं पुस्तक लिहिलं. रशीद खाँसाहेबांचं तसं नाही. निसार हुसेन खाँसाहेबांकडून लहानपणापासून जे मिळालं, ते गळ्यात मुरून शिष्यांपुढे सावकाश उलगडण्याची वर्षं आता कुठे सुरू होत होती. गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचंही तसंच. ते १९५५ मध्ये गेले तेव्हा चौतिसाचे होते. त्यांच्या तबकड्या आपण आजही ऐकतो, पण त्यांनी पुढची चाळीस वर्षं शिकवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांनी यावर उपाय काढला होता. गुरू गेला की त्याच्या नावानं गायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. दुसऱ्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांची पुण्यतिथी गाऊन साजरी केली, तोच आजचा सवाई महोत्सव. शोक करण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

पण वर्षातून एकदा श्रोते होऊन भागणार नाही. तुमच्या गावात, तुमच्या पेठेत एखादे वयस्क गायक, गायिका, तबलजी अजून शिकवत असतील. परीक्षा संपल्या आहेत, सुट्टी आहे. मुलांना, नातवंडांना घेऊन या आठवड्यातच त्यांच्या घरी जा, आणि जमलं तर स्वतःही शिकायला बसा.