लेकरांनो, आज अंगणात कोण आलं?

एरवी या कार्यक्रमात आम्ही हप्ता, व्याज आणि बँकेच्या कागदांचं बोलतो. आज पाखरांचं बोलायचं आहे, आणि आपल्या लेकरांचंही.

मागच्या उन्हाळ्यात आमची बैठक एका ताईंच्या ओसरीत चालली होती. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा पळत आला आणि रजिस्टरशेजारी एक मेलेला बुलबुल ठेवला. गलोलीनं पाडलेला. त्याला वाटलं, आई शाबासकी देईल. ताईंचा हात उठला, पण गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी तो धरला. त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "बाळा, याचं घर कुठं आहे?"

त्याला माहीत नव्हतं. मावशी त्याला परसात घेऊन गेल्या. जास्वंदीत वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात दोन पिल्लं चोच वासून बसली होती. मग आठवडाभर तो लांबून बघत राहिला. जोडीतला उरलेला बुलबुल एकटाच किडे आणून भरवत होता. एक पिल्लू उडालं. दुसरं नाही जगलं. गलोल कुणी हिसकावली नाही, पण तिचं रबर आता त्याच्या डब्याला बांधलेलं असतं.

त्या दिवशी आम्हाला आमचीच चूक दिसली. आमच्या आज्यांनी आम्हाला पाखरं दाखवली होती. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडला की आजी म्हणायची, "ऐक, पेरते व्हा म्हणतोय." टोळीनं कलकलाट करणारे सातभाई, शेपटी दुभंगलेला काळा कोतवाल, ही नावं आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवली नाहीत. आम्ही मात्र ती लेकरांना सांगितलीच नाहीत. ज्याचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही, त्याच्यावर दगड सहज उचलला जातो.

थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची सुरुवातही अशीच झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथं कुणी रागावलं नाही, उलट कपाटं उघडून पाखरं दाखवली. त्या एका प्रश्नातून त्यांचं सगळं आयुष्य पाखरांचं झालं.

मग आम्ही ठरवलं, रोज सकाळी दहा मिनिटं. वेगळा वेळ काढायचा नाही. आपण अंगण झाडतो, चूल पेटवतो, तेव्हाच लेकराला ओट्यावर बसवायचं आणि विचारायचं, आज कोण आलं? चिमणीपेक्षा लहान की साळुंकीएवढं? चोच बारीक की जाड? चालतं की उड्या मारतं? काय खातं? लेकरू सांगेल ते जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. नाव आलं नाही तर आजीला विचारायचं. दुर्बीण लागत नाही, पैसाही लागत नाही.

यातून आम्हालाही नवं कळलं. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. नाव सुगरण, पण खोपा विणतो नर! तो खोपा अर्धा विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढचं काम होतं. हे बैठकीत सांगितलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अंडी उबवणं मात्र तिच्याच वाट्याला, हेही सांगितलं.

आता घरातल्या सोयीचं. पूर्वी माळवदाच्या फटीत, फोटोच्या मागं चिमण्या घर करायच्या. स्लॅबच्या घरात फट राहिली नाही. लाकडी खोक्याला सव्वा इंचाचं भोक पाडा आणि सावलीत, उंच, मांजर पोचणार नाही आणि पंखा लागणार नाही असं टांगा. आपल्या परभणीचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मातीच्या उथळ परळात पाणी ठेवा, मधे एक दगड ठेवा. परळ रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतील. हे काम लेकराकडे द्या.

दोन नियम पक्के. घरट्याजवळ जायचं नाही, अंड्याला हात लावायचा नाही. आणि पोपट पिंजऱ्यात ठेवायचा नाही. आपल्याकडच्या रानातला पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

काही ताया विचारतील, ज्वारी दाण्यात आली की आम्हीच गोफण घेऊन उभ्या राहतो, त्याचं काय? खरं आहे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे उतरतात, ते पार मध्य आशियातून, पूर्व युरोपातून येतात. पीक राखावंच लागतं. ओरडा, डबा वाजवा, पण जीव घेऊ नका. त्याच भोरड्या टोळ आणि किडेही खातात. चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या भरवते. म्हणून तर हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षी थांबे उभारायला सांगतात. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी रोवली की कोतवाल, साळुंकी तिच्यावर बसून अळ्या वेचतात. यंदा लेकरांकडूनच काठ्या रोवून घ्या आणि कोण येऊन बसतं ते मोजायला सांगा.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यातल्या बैठकीला लेकरांना वह्या घेऊन बोलवा. हप्ते जमा झाले की पाच मिनिटं त्यांना बोलू द्या.

आमच्या बैठकीत तो मुलगा येणार आहे. त्याच्या वहीत आतापर्यंत एकोणीस पाखरं झालीत. पहिलं नाव बुलबुलाचं आहे.

उद्या सकाळी झाडू हातात घ्याल, तेव्हा लेकराला हाक मारा.