‘अपेक्षित ६२ टक्के’ म्हणजे नेमकं किती?

जानेवारी संपत आला, म्हणजे घोडपदेवपासून दारूखान्यापर्यंत ज्या ज्या घरात दहावीचं मूल आहे तिथे प्रिलिमचे पेपर येऊन पडले असतील. काही शाळा आणि बरेच क्लास आता पेपरांबरोबर एक छापील कागदही देतात. त्यावर प्रत्येक विषयाचे गुण असतात आणि सगळ्यात खाली एक ओळ असते, ‘बोर्डातील अपेक्षित टक्केवारी’. समोर आकडा. ६२, नाहीतर ४८, नाहीतर ८१.४०. आई वरचे सगळे गुण विसरते आणि तो खालचा आकडा घेऊन घरी येते. मग त्यावर घरातले निर्णय होतात. क्लासची उरलेली फी भरायची की थांबायचं, सायन्स की कॉमर्स, गावाकडे दिरांना काय कळवायचं. मुलगी असेल तर आणखीही बरंच ठरतं, त्याबद्दल पुढे बोलते.

मी गणित शिकवते, असे कागद भरण्याचं काम मलाही करावं लागतं. म्हणून तो आकडा येतो कुठून ते आधी सांगते. समजा, गेल्या वर्षी शाळेत प्रिलिमला ५० ते ५५ टक्क्यांच्या मध्ये वीस मुलं होती. त्यांना बोर्डात काय मिळालं ते रजिस्टरमध्ये बघायचं. कुणाला ५१, कुणाला ५७, बरीचशी साठीच्या आसपास, दोघीतिघी ७२-७४ पर्यंत गेल्या. सरासरी काढली, ती आली ६२. यंदा तुमच्या लेकीला प्रिलिमला ५३ पडले, तिच्या कागदावर ६२ छापलं. हिशेब संगणकाने केला तरी मुळात हेच असतं. म्हणजे ते ६२ तुमच्या लेकीचे नव्हेत. तिच्यासारख्या गेल्या वर्षीच्या वीस मुलांच्या मधोमध पडलेला तो आकडा आहे. त्यातली जवळजवळ निम्मी ६२ च्या खालीच राहिली होती. नेमके ६२ तर कदाचित एकालाही मिळाले नसतील.

म्हणून बाईंना किंवा सरांना विचारायचं ते असं: ‘हिच्यासारख्या मुलांना गेल्या वर्षी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती पडले?’ ‘५१ ते ७४’ हे उत्तर ऐकायला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. नुसता ६२ सांगितला की हा सगळा पसारा लपतो. आणि ८१.४० मधला तो दशांशाचा ४० तर निव्वळ दिखावा. अंदाज पाच-दहा गुणांनी इकडे तिकडे होणार हे ठाऊक असताना चाळीस शतांश लिहायचे कशाला?

भाऊच्या धक्क्यावर लाँचवाल्यांकडे भरती-ओहोटीचा तक्ता असतो. अमुक दिवशी इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी भरती, हे वर्षभर आधी छापलेलं असतं आणि ते बहुधा खरंच ठरतं, कारण चंद्र-सूर्याचा हिशेब ठरलेला आहे. वेधशाळेचा पावसाचा अंदाज तसा नसतो. ऑरेंज अलर्ट आला तर आपण छत्री घेतो, पण तेवढ्यावर घर बदलत नाही. मुलांच्या गुणांचा अंदाज पावसाच्या जातीचा आहे. घरात मात्र तो भरतीच्या तक्त्यासारखा वाचला जातो.

आता दुसरी गोष्ट. हा सगळा हिशेब ‘यंदाही गेल्या वर्षासारखंच असेल’ यावर उभा असतो. तसं असतं का? आपल्या राज्याचेच दहावीचे निकाल घ्या. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के मुलं पास झाली. २०१९ मध्ये ७७.१० टक्के. एका वर्षात मुलं एवढी बिघडली होती का? नाही. अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण बंद केले होते. ते अंतर्गत गुण परत आणल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी तर लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. म्हणजे २०१८ च्या आकड्यांवरून २०१९ चा अंदाज बांधणारा तोंडावर पडला, आणि २०१९ वरून २०२० चा बांधणाराही. मुलं तीच, वस्ती तीच, बदलला होता नियम.

२०२१ मध्ये तर अंदाजालाच निकाल म्हणायची वेळ आली. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला ५० गुणांचं वजन, दहावीच्या वर्षभरातल्या कामाला ३०, अंतर्गत मूल्यमापनाला २०, अशी बेरीज करून गुण दिले आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. तेव्हाही अनेक आया म्हणत होत्या, ‘आमची मुलगी नववीत आजारी होती हो, दहावीत तिने किती मेहनत केली!’ ती तक्रार रास्त होती. मागच्या गुणांवरून पुढचे काढले की मधल्या काळात मूल बदललं हे कागदाला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये आदल्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, याहून मोठा घोळ झाला. तिथे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी अंदाजाने श्रेणी दिल्या, मग सरकारी यंत्रणेने एका गणिती सूत्राने त्या ‘सुधारल्या’. सूत्रात त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल धरलेले होते. म्हणजे जिचे निकाल आजवर बेताचे होते अशा शाळेतल्या हुशार मुलीची श्रेणी शाळेच्या नावावर खाली आली. जवळजवळ चाळीस टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली गेल्या. मुलं रस्त्यावर आली आणि निकालानंतर चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने ते सूत्र मागे घेतलं. रे रोडच्या शाळेतल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘तुमच्या भागातली मुलं ना, मग एवढेच पडणार’ हे ती सूत्राशिवायही ऐकत आलेली असते.

गणिताचा कागद वाचताना एक लक्षात ठेवा. भाग एक ४० गुणांचा, भाग दोन ४० चा आणि अंतर्गत २०, मिळून १००. आणि पास व्हायला १०० पैकी ३५. प्रिलिमला भाग दोनमध्ये १२ पडले म्हणून लाल शाईने गोल केलेला असतो. पण भाग एकमध्ये १७ असतील तर झाले २९, आणि अंतर्गतचे १४ धरले तर ४३. रडारड करण्याआधी बेरीज करा. शिवाय एकूण टक्केवारी सहातल्या उत्तम पाच विषयांवर निघते. क्लासच्या कागदाने ती सहांवर काढलीय की पाचांवर, हेही विचारा.

आणखी एक गंमत. एखाद्या चाचणीत मुलीला नेहमीपेक्षा फारच कमी पडतात, आई ओरडते, पुढच्या चाचणीत गुण वाढतात. आई म्हणते, बघा, ओरडल्याशिवाय कळत नाही. दुसरीकडे एकीला एकदम ९० पडले, आजीने पेढे वाटले, पुढच्या वेळी ८०. आजीला वाटतं, कौतुकानं बिघडली. खरं म्हणजे दोघी आपापल्या नेहमीच्या जागी परत आल्या. एका पेपरात नशिबाचा भाग असतोच, आलेला धडा नेमका केलेला निघतो किंवा नेमका राहिलेला. म्हणून एकट्या प्रिलिमवर अंदाज बांधू नका. सहामाही, सराव परीक्षा, प्रिलिम असे तीन-चार आकडे शेजारी मांडा.

ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांच्यासाठी थोडं. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातले नव्वद जण तुमच्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. क्लासच्या चाचणीत ९५ पर्सेंटाइल आला तर विचारा, कितीजणांत? त्या क्लासच्या दोनशे मुलांत आणि राज्यातल्या लाखोंत फरक आहे. नीटचं तर आणखी अवघड. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. गेल्या वर्षीच्या गुणांवरून यंदाचा रँक सांगणारं मोबाइलवरचं यंत्र त्या वर्षी काय कामाचं? आणि ‘निवडीची हमी’ म्हणून जाहिरात करणाऱ्या क्लासवाल्याला सांगा की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्येच अशा दाव्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

आता मुलींबद्दल. एकाच घरात भावाच्या कागदावर ५८ येतं आणि पुढच्या वर्षी बहिणीच्याही कागदावर ५८. भावाबद्दल ऐकू येतं, ‘डोकं आहे, आळशी आहे, क्लास लावा.’ बहिणीबद्दल, ‘तिला झेपत नाही, उगाच पैसे कशाला.’ भावाला क्लास लागतो, त्याचे ६५ होतात. बहिणीचा क्लास बंद होतो, घरकाम वाढतं, तिचे ५५ होतात. मग सगळे म्हणतात, अंदाज बरोबर निघाला! अहो, निघाला नाही, तुम्ही काढलात. पावसाला आपला अंदाज ऐकू येत नाही, मुलीला येतो.

याच अंदाजावर काही शाळा नववीच्या शेवटी पालकांना बोलावतात. ‘हिची दहावी निघायची नाही, दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. शाळा सुटलेल्या कितीतरी बायकांनी त्यावर दहावी केली आहे, आणि हे ऐकणाऱ्या कुणाला करायची असेल तर जरूर करा. पण शाळेत बसलेल्या मुलीला त्या वाटेला लावलं की तिचे वर्ग आणि रोजच्या बाई जातात, आणि बोर्डाच्या निकालात खासगी विद्यार्थी वेगळे मोजले जात असल्याने शाळेचा निकाल मात्र चकचकीत राहतो. तेव्हा दाखल्याच्या अर्जावर लगेच सही करू नका. कुठल्या गुणांवरून असं म्हणता ते दाखवा म्हणा. अशाच गुणांची मुलं गेल्या वर्षी दहावीला बसली त्यांतली किती पास झाली ते विचारा. आणि शाळेचं म्हणणं लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा ‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ असं होतं.

आणि समजा, निकाल खरंच वाईट लागला, तर एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा जुलैपर्यंत होते, तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा, निकाल लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन तारीख विचारून घ्या. गुण फारच अनपेक्षित वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर आधी ती छायाप्रत घ्यावीच लागते, आणि मुदत थोडी असते. निकालाची छापील प्रत, मुलीचा बैठक क्रमांक आणि फीचे पैसे त्या दिवसांत हाताशी ठेवा.