प्रतिकार आणि आवर



भाषेच्या अध्यापकाने जनुकाविषयी बोलावे, हे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु मला बोलावयाचे आहे ते एका शब्दाविषयी. 'रोगप्रतिकारशक्ती' म्हटले की युद्ध डोळ्यांपुढे येते, आणि शक्ती जितकी अधिक तितकी बरी, असे आपण मानून चालतो. फॉक्स-पी-३ या जनुकाची हकिकत ही समजूत दूर करते.

अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ साली काही नर उंदरांची त्वचा खवलेदार झाली, प्लीहा व लसिकाग्रंथी सुजल्या आणि ते काही आठवड्यांतच मेले. बाहेरचा शत्रू कोणी नव्हता. त्यांच्याच टी-पेशी त्यांच्या अवयवांवर तुटून पडल्या होत्या. दोष एक्स गुणसूत्रावर होता. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी तपास वीस जनुकांपर्यंत आणला. दोष सापडला तो विसाव्यात. हे २००१ साली प्रसिद्ध झाले. मानवी मुलग्यांत तान्हेपणीच अतिसार, त्वचाविकार व मधुमेह घेऊन येणाऱ्या एका दुर्मीळ रोगाचे मूळही त्याच जनुकात निघाले.

तिकडे जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी १९९५ साली इतर पेशींना आवरणाऱ्या टी-पेशींचा एक वर्ग दाखवून दिला होता. २००३ साली दोन्ही धागे जुळले. फॉक्स-पी-३ पासून घडणारे प्रथिन डीएनएला चिकटते, कोणती जनुके जागी व्हावीत व कोणती निजावीत हे ठरविते आणि अशा नियामक पेशी घडविते. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे आवर हा प्रतिकाराचा अभाव नव्हे. त्याचेच ते दुसरे अंग होय. त्याचाही अतिरेक नको, कारण कर्करोगाच्या गाठी याच नियामक पेशींच्या आडोशाने वाढू शकतात. महत्त्व आहे ते प्रमाणाला.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आमवातासारख्या विकारात वैद्य प्रतिकारशक्ती दबविणारे औषध देतात, तेव्हा घरची माणसे त्या शब्दानेच धास्तावतात आणि औषध परस्पर थांबविण्याचा मोह होतो. शब्द अपुरा असला की समज अपुरी राहते, आणि तिची किंमत रोग्यास मोजावी लागते. विज्ञान शिकविताना त्याचे शब्दही नीट उलगडून सांगणे, हे शाळेचेच काम आहे. येथील शिक्षकांनी ते आपले मानावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.